सदाला हाक

माझी पोस्टिंग इंजिनिअर रेजिमेंटच्या डायव्हिंग टीमला झाली तेव्हा मला वाटलं, आता आपलंच राज्य! मी खोडदचा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. छाती भरून दम धरायचा, सूर मारायचा, तळाची माती मुठीत घ्यायची आणि तळाला पायाने रेटा देऊन सुसाट वर यायचं. गावात माझ्याएवढा दम कुणाचाच नव्हता.

पहिल्याच दिवशी डायव्हिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी माझी हवा काढली. "जवान, साँस रोकी तो मरा!"

कारण साधं आहे. सिलिंडरमधून खोल पाण्यात घेतलेली हवा दाबाखालची असते. ती छातीत कोंडून वर आलात, की दाब कमी होतो, हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. विहिरीत तसं होत नाही, कारण तिथे हवा वरूनच भरून नेलेली असते. म्हणजे आम्हा विहिरीवाल्यांची जी शान, तीच आमच्या जिवावर उठणारी. डोक्याला पटलं, पण सवय काही सुटेना.

त्यावर तोड काढली माझ्या जोडीदाराने, नाईक सदाशिवने. सदा आंबेगावचा. त्याचं जुनं गाव डिंभे धरणाच्या बुडितात गेलेलं. "माजं घर शोधायलाच पाणबुड्या झालोय," म्हणायचा. तो मला म्हणाला, "दम सोड, दम सोड, असं घोकून काय व्हतंय? शिवाराच्या पल्याड मानूस हाय समज, अन् त्याला हाक मारीत वर ये. हाक मारताना दम धरता येतोय व्हय?"

तेव्हापासून मी 'सदाऽऽ' करीत वर यायचो आणि तो माझ्या नावाने. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारी तोटी असते, त्यामुळे शब्द कळत नाही. सूर मात्र जोडीदाराला ऐकू जातो.

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी गावी आलो. पुढे जुन्नर-आंबेगावातल्या तरुणांनी धरणात बुडणाऱ्यांसाठी बचाव पथक काढलं आणि शिकवायला मला बोलावलं. खरं सांगतो, इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता. पुन्हा सिलिंडर, पुन्हा पाणी! सराव डिंभ्याच्या बुडितातच. बोट सदाच्या धाकट्या भावाची, किसनची.

त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं, पाणी थंडगार. पाळी विकासची. आळे गावचा टोमॅटोवाला शेतकरी, अंगाने दणकट, विहिरीत तरबेज. शिवाय मालवणला जाऊन स्कूबाचा कोर्स केलेला. त्यामुळे थोडा तोऱ्यात.

"मालवणला खाली जायला मी कमरेला याच्या दुप्पट शिसं लावलं व्हतं, साहेब."

"ते खारं पाणी. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. इथे वजन कमीच लागतं."

तो पाण्यात उतरला, पण खाली जाईना. छाती तट्ट फुगवलेली, मग जाणार कसा? किनाऱ्यावर शुभांगी वॉकी-टॉकी घेऊन उभी होती. पथकातली सगळ्यात चांगली पोहणारी, पण जीभ तिखट.

"किनारा टू बोट. विकासभाऊंसाठी धोंडा पाठवू का? ओव्हर."

सगळे खो-खो हसले. विकास लाल झाला. मी म्हटलं, "श्वास सोड, आपोआप जाशील," आणि माझा मास्क धुवायला वळलो. तेवढ्यात त्याने बोटीतले शिशाचे दोन तुकडे उचलून अंगातल्या हवेच्या जॅकेटच्या खिशात घातले. हे मला नंतर कळलं.

या वेळी तो धोंड्यासारखाच गेला. मी नांगराच्या दोरीला धरून मागोमाग. चाळीस फुटांवर तळ. त्याचे पाय गाळात रुतले, गाळ उसळला आणि पाण्याचा चहा झाला. तो घाबरला. जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं ते दाबूनच धरलं. जॅकेट टम्म फुगलं. मग लहानपणापासून जे केलं तेच केलं. तळाला पाय मारला.

तो माझ्या समोरून वर सुटला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता.

मी झेप घेऊन त्याचा पाय पकडला आणि त्याच्याबरोबर वर ओढला गेलो. जसजसं वर जाऊ तसतशी जॅकेटातली हवा फुगते, वेग वाढतो. त्याला धरत वर सरकलो, एका हाताने त्याच्या जॅकेटची हवा सोडायची दोरी खेचली, दुसऱ्या हाताने पोटात गुद्दा हाणला. तरी गाल फुगलेलेच. तेव्हा तोंडासमोर तोंड नेऊन मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"सदाऽऽ!"

त्याचे डोळे हलले. तो सूर त्याने किनाऱ्यावरच्या सरावात माझ्या तोंडून शंभरदा ऐकला होता, त्याला हसलाही होता. आणि त्याच्या तोंडून बुडबुड्यांचा लोंढा फुटला! त्याच्याइतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. वेग मंदावला. आम्ही वर आलो. रेग्युलेटर सुटला तरी माझं ओरडणं चालूच होतं.

"सदाऽऽ!"

"ओऽऽ!"

बोटीतून उत्तर आलं. किसनचं. घरातल्या माणसाला हाक आली म्हणून तो ओ देऊन बसला होता. मग स्वतःच दचकला आणि त्याने वॉकी-टॉकी उचलला.

"बोट टू किनारा. ऑक्सिजन आणा, गाडी तयार ठेवा. ओव्हर."

"आणलं! ओव्हर," शुभांगीचा आवाज कापत होता.

दवाखान्यात तपासलं. विकासला काही झालं नव्हतं. संध्याकाळी त्याने ते दोन तुकडे माझ्यापुढे ठेवले. "चुकलं, साहेब. सगळी हसत व्हती." मी त्याला सडकून बोललो. बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "तुमी सदा सदा करता, त्यो सदा कोन?"

मी सांगितलं. पुराची ड्युटी होती, होडी उलटली होती. सदाने दोघांना बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी पुन्हा उतरला. त्याचा दोर माझ्या हातात होता. दोर वर आला, सदा आला नाही. किसन शेजारीच बसला होता.

पुढच्या रविवारी विकास कमी शिसं लावून उतरला आणि बुडबुडे सोडत सावकाश वर आला. डोकं बाहेर येताच त्याने हाक दिली, "सदाऽऽ!" त्याच्यामागून शुभांगी आली. तिचीही तीच हाक. आता पथकात सगळ्यांची तीच आहे.

प्रत्येक हाकेला किसन बोटीतून ओ देतो आणि वर येणाऱ्याला हात देऊन आत घेतो.