टाकून दिलेलं मोजणारे काका

मुळात मी तापट. त्यात एका गिऱ्हाइकाच्या बॅकअपनं बाकी सगळ्यांचं काम ठप्प केलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या एकेका सर्व्हरवर चाळीस-चाळीस गिऱ्हाइकं असतात आणि सगळ्यांचा डेटा एकाच स्विचमधून बाहेर जातो. हा स्विच हातात धरता येत नाही, निव्वळ सॉफ्टवेअर! मी सरसकट सगळ्यांना वेगमर्यादा लावली. वर मर्यादा क्षणभर ओलांडायची जी थोडी मुभा द्यायची असते, तीही जवळजवळ काढून टाकली. शिस्त म्हणजे शिस्त! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डेटाचे आलेख शहाण्या मुलांसारखे गप्प बसलेले.

शेजारच्या खुर्चीतले काका तेवढे खूश दिसेनात. काका ऑफिसातले सर्वांत जुने, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. डबा उघडलेला असला तरी डोळे आलेखावर. काकू म्हणतात, "घरातला नळ महिनाभर गळतोय, तो नाही दिसत यांना!"

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "त्या शिक्षिकाबाई तीनदा फोन करून थकल्या गं."

"त्यांचा आलेख बघा ना! मर्यादेच्या अर्ध्यावरसुद्धा जात नाही. दोष त्यांच्याच नेटचा, तसं सांगितलंय मी."

"आलेखात दिसतं ते पोचलेलं. टाकून दिलेलं मोजलंस का?"

बाई कर्णबधिर मुलांना व्हिडिओवरून खुणांच्या भाषेत शिकवायच्या आणि तो व्हिडिओ आमच्या सर्व्हरवरून मुलांकडे जायचा. चित्र अडखळलं की हात मधेच थिजतो, शब्द जातो. दोन दिवस वर्ग मोडला होता. त्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तेच झालं, तर पालक मुलांना काढून घेणार होते. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मर्यादेबाहेर गेली म्हणून स्विचनं टाकून दिलेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, काकांनी मोजली; आकडा भलामोठा निघाला. व्हिडिओ काही एकसारखा वाहत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्यानं येतो. सरासरी मर्यादेत असली, तरी प्रत्येक गठ्ठ्याचं शेपूट माझी शिस्त कापत होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मीच जाळलं होतं.

"काका, ओरडा ना मला."

"वेळ कुठंय? मुभा वाढव. मर्यादेला हात लावू नकोस, बाकीच्यांनाही जगायचंय."

मी आकडे बदलेपर्यंत त्यांनी बाईंना फोन लावलाही. "ताई, चूक आमची होती. तुम्ही पहिल्यापासून खरं सांगत होतात." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मला रडूच आलं.

बाईंनी आम्हा दोघांनाही वर्गात घेतलं. पडद्यावर आठ मुलं. एका मुलीनं भराभर हात हलवत कसलीशी गंमत सांगितली. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. पण बाकीची सातही मुलं एकदम हसली, एकही मागाहून नाही.