पोकळ फरशीखालचे बिऱ्हाड

एखाद्या माणसाचे आयुष्यभराचे काम एका क्रियापदात सांगता यावे, हे दुर्मीळ आहे. या गृहस्थांच्या बाबतीत ते शक्य आहे: ते ठोकत. इमारत पूर्ण होत आली की बांधकाम कंपनी त्यांना पाठवी. हातात वेताची काठी, काठीच्या टोकाला सुपारीएवढा पोलादी गोळा. खोलीच्या एका कोपऱ्यातून निघून ते प्रत्येक फरशीवर गोळा आपटत पुढे जात. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला असला की आवाज खणखणीत येई. पोकळी राहिली असली की बद्द. बद्द वाजलेल्या फरशीवर ते खडूने फुली मारत. मागून गवंडी येऊन ती फोडी. गवंडी त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘टकटक’ म्हणत. हे दुसरे नाव त्यांच्या कानावर आले होते. त्यात काही चूक न सापडल्यामुळे त्यांनी आक्षेप घेतला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी काठी परत द्यायची राहिली. सवयही राहिली. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटे ठोकून पाहिली तेव्हा, ‘डावीकडे पुन्हा एकदा बघा,’ अशी सूचना त्यांनीच केली.

पत्नी गेल्यावर ते एकटे राहत. मुलगी एकुलती, दोन गल्ल्या सोडून राहणारी. लहानपणी बुटाची नाडी पहिल्यांदा स्वतः बांधून ती त्यांना दाखवायला धावत आली होती. ‘डावा फास मोठा झालाय,’ ते म्हणाले होते. तो मोठा झालाच होता. पुढे ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तपासण्याचा पेशा असा घराण्यात टिकला. मात्र तिला अधूनमधून ‘सर्व काही ठीक’ असेही लिहावे लागे, एवढाच फरक.

जावई दूरच्या गावी नोकरीला. चार वर्षांच्या नातीला, जिला घरात ठमी म्हणत, दिवसा सांभाळणारी बाई अचानक काम सोडून गेली, तेव्हा टकटक साहेबांनी आपण होऊन ती जागा मागितली. मुलीने लगेच होकार दिला नाही.

“एक आठवडा बघू,” ती म्हणाली. “शनिवारी दुपारपर्यंत पाळणाघराला हो की नाही ते कळवायचंय.”

“माझ्यात काय बघायचंय?”

“तुम्हाला नाही, बाबा. तिला बघायचंय. प्रत्येक गोष्ट करून झाली की ती तुमच्या तोंडाकडे बघायला लागली, तर मी तिला पाळणाघरात घालणार.”

वाक्य सरळ होते. त्यांनी ते मनातल्या मनात ठोकून पाहिले. कुठेही बद्द वाजले नाही.

“आणि शनिवारी मिस्त्री येतोय बाल्कनीच्या फरश्या बदलायला,” ती चपला घालताना म्हणाली. “घरात आणखी कुठे पोकळ असतील तर खुणा करून ठेवा. हातासरशी होऊन जाईल.”

ही दुसरी जबाबदारी त्यांना अधिक पेलण्यासारखी वाटली. सोमवारी ते काठी घेऊन मुलीच्या घरी आले. ठमीने काठी मागितली. ती मिळणार नाही हे कळल्यावर स्वयंपाकघरातला लाकडी चमचा घेऊन ती त्यांच्या मागोमाग त्याच फरश्या ठोकू लागली. आपल्या कामाची फेरतपासणी होत आहे, असा अनुभव त्यांना प्रथमच येत होता.

बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेत, चपलांच्या कपाटाशेजारी, एक फरशी बद्द वाजली. ते खडूसाठी खिशात हात घालणार, तोच ठमीने तिच्यावर चमचा वाजवला आणि थांबली.

“आजोबा, ही वेगळी बोलते.”

“पोकळ आहे.”

“पोकळ म्हणजे?”

“खाली काही नाही. नुसती जागा आहे.”

ठमीने याचा विचार केला. “मग तिथे कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“तू बघितलंस?”

इथे अडचण झाली. त्यांनी आजवर असंख्य पोकळ फरश्या फोडायला लावल्या होत्या. परंतु फरशी फुटे तेव्हा ते पुढच्या खोलीत असत. खाली वाकून आत काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. ते काहीही असले तरी खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते.

“नाही,” ते म्हणाले. “बघितलं नाही.”

“मग विचारू या,” ठमी म्हणाली, आणि फरशीवर चमच्याने तीनदा ठोकून, गाल जमिनीला टेकवून, उत्तराची वाट पाहत पडून राहिली. थोड्या वेळाने तिने आजोबांची विजार ओढली. एकट्याने ऐकून भागणार नव्हते.

गुडघे कुरकुरत असल्याने खाली जाण्यास त्यांना वेळ लागला. कान टेकवल्यावर जे घडले ते त्यांना अनपेक्षित होते. ठोकल्यावर फरशी काय म्हणते, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी ऐकले असेल. न ठोकता ती काय म्हणते, हे ऐकायचे राहून गेले होते. नळातून कुठल्यातरी मजल्यावर पाणी चढत होते. फ्रिजची घरघर फरशीतून दात घासल्यासारखी येत होती. दूर कोणी खुर्ची ओढली, आणि तो आवाज खोलीभर फिरून त्यांच्या कानाशी येऊन थांबला. खडू खिशातच राहिला.

“आहे ना कोणी?” ठमीने कुजबुजत विचारले.

“वर्दळ आहे,” ते म्हणाले.

पुढचे दिवस याच कामात गेले. कपाटांत कोण राहते, भिंतीत कोण राहते, आजोबांच्या गुडघ्यात कोण राहते (तिथे भाडेकरू गडबडे निघाले), याची चौकशी झाली. प्रत्येक वेळी ठमी ठोकून कान लावी. आजोबांच्या तोंडाकडे पाहायला तिला सवड नव्हती. फरशीची फेरी मात्र रोजची. गुरुवारी दुपारी ठमीने नेहमीप्रमाणे तीनदा ठोकले, आणि खालून तीनदा उत्तर आले. जोरात.

ठमीने आजोबांचा हात धरला. “घरी आहेत,” ती म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या बाई खुर्चीवर चढून झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आहेत, हे त्यांना आवाजावरून तत्क्षणी कळले. दांडा बांबूचा होता, हेसुद्धा कळले. ते बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, नातीकडे पाहिले, आणि मिटले. खाली कोणी राहत नाही असे सांगणे आता वस्तुस्थितीला धरूनही झाले नसते.

संध्याकाळी त्या बाईंनी मुलीला जिन्यातच गाठले.

“बाबा, घरात काय चाललंय?” वर येताच तिने विचारले. “त्या म्हणतात, तुमच्याकडे सुतार बसवलाय का? दुपारची झोप नाही त्यांना.”

“फरश्या तपासतोय. तूच सांगितलंस.”

“चार दिवस? एवढंसं घर.”

“आई, खाली लोक राहतात,” ठमीने माहिती दिली. “आज ते बोलले.”

“राहतातच,” आई म्हणाली, “आणि माझ्याशीही बोलले.” मग वडिलांकडे वळून, आवाज खाली आणून, “तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मला राग नाही यायचा.”

ते काठी घेऊन निघाले. घरी गेल्यावर त्यांना जेवण गेले नाही, आणि त्याचे कारण अन्नात शोधूनही सापडले नाही.

शनिवारी मिस्त्री आला. त्याने तरुणपणी साहेबांच्या हाताखाली पुष्कळ फोडाफोड केली होती, त्यामुळे तो वाकून बोलत होता. बाल्कनीतल्या फरश्या निघाल्या, नव्या बसल्या. मुलगी फोन हातात घेऊन दारात उभी होती; दुपार होत आली होती. हात पुसत आत येताना मिस्त्रीने सवयीने छिन्नीचा मागचा भाग चपलांच्या कपाटाशेजारी ठोकला.

“साहेब, ही राहिली वाटतं. फुली नाही हिच्यावर.”

ठमी धावत येऊन त्या फरशीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. तिला रडायचे होते. पण आधी निकाल ऐकायचा होता. तिने आजोबांच्या तोंडाकडे पाहिले, आणि दारातून तिच्या आईनेही पाहिले.

“ती पास आहे,” टकटक साहेब म्हणाले.

मिस्त्रीने ठमीच्या पावलांच्या बाजूला पुन्हा ठोकले. “बद्द वाजतेय की.”

“ऐकली मी.”

“अहो, आख्खी रिकामी आहे खालून.”

“रिकामी नाही. मी खात्री करून घेतलीय.”

मिस्त्री मुलीकडे वळला. “ताई, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला आख्खा जिना उकरायला लावला होता. एका पायरीपायी. हळद लागायची सोडून मी सिमेंटात.” त्याच्या स्वरात तक्रारीपेक्षा न्यायाची अपेक्षा होती.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “पोकळ आहे ना ती?”

“आहे.”

“उद्या कपाट सरकवताना फुटली तर?”

“फुटली तर बदलू,” ते म्हणाले. “न फुटता कशाला फोडायची?”

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. म्हणणाऱ्यालाही ते नवे होते. ते उच्चारून झाल्यावर ते काठीवर रेलून किंचित ओशाळल्यासारखे उभे राहिले. मुलीने घड्याळाकडे पाहिले. मग फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. आतून तिचा प्रयोगशाळेतला आवाज ऐकू आला: नाही, जागा नको, हो, नक्की, आभारी आहे.

बाहेर येऊन ती म्हणाली, “सोमवारी आठला या. आणि ठोकायचं ते सकाळी. दुपारी त्या बाई झोपतात.”

“बरं.”

“माझ्यासाठीही एकदा ऐकून ठेवा, फरशीखालचे काय म्हणतात ते,” ती म्हणाली आणि मिस्त्रीला वाट दाखवायला जिन्याकडे निघाली.

पहिल्या वळणावर मिस्त्री थांबला. वर दार उघडेच होते, म्हणून त्याने आवाज दबला ठेवला.

“ताई, साहेबांची तब्येत बरी आहे ना?”

“लक्ष ठेवून आहे,” ती म्हणाली. “सध्या तरी सुधारणा दिसतेय.”