तेरावा गोलकीपर

काटेमास्तरांना थापा मारणारी माणसं चालायची, थापा मारणारा वजनकाटा चालत नसे. एकतीस वर्षं ते पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानोदुकानी काटे तपासत हिंडत आले होते. काम रोज तेच. आधी रिकाम्या काट्याचं शून्य लावायचं, मग पुढचं बोलायचं. घरी बायको थट्टा करायची, की हे पानावर बसले तरी आधी ताट रिकामं आहे ना ते बघतात.

अशा माणसाच्या गळ्यात मित्रांनी खेळाचं गणित घातलं यात नवल नाही. खेळ फॅन्टसी फुटबॉलचा. मोसमाआधी एका शनिवारी दुपारी बाराजण सलूनमध्ये जमायचे आणि पाळीपाळीने खऱ्या संघांतले खरे खेळाडू आपापल्या कागदी संघात घ्यायचे. एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. मग तो मैदानावर जे करेल त्याचे गुण त्याला निवडणाऱ्याला. पहिल्या वर्षी सगळ्यांनी मोठे आकडे बघून माणसं उचलली आणि तोंडावर आपटले. काटेमास्तरांनी समजावलं, की दीडशे गुणांचा गोलकीपर भारी दिसतो खरा, पण शेवटी उरलेला गोलकीपरही एकशे दहा गुण आणणार असेल, तर तुमच्या पदरात पडले चाळीसच. आधी शून्य कुठे धरायचं ते ठरवा.

ते कुठे धरायचं यावर दोन शनिवार वाद झाला. बाराजणांना बारा गोलकीपर लागणार. सलूनवाला, म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र, म्हणत होता की बारावा, घेतलेल्यांतला शेवटचा, पाया धरा. मास्तर म्हणाले तेरावा. जो कुणालाच नको, ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तो शून्य, आणि बाकीच्यांची किंमत त्याच्यापासून मोजायची. सलूनवाल्याने हात टेकले. पुढच्या मोसमाच्या अंदाजी गुणांच्या तक्त्यात तेराव्याच्या नावापुढे मास्तरांनी आपल्या सुबक अक्षरात शून्य काढलं.

त्या वर्षी मास्तर जिंकले. मोसम संपल्यावर गप्पांत त्यांनी सहज विचारलं, तो मधोमध भांग पाडणारा उंच गोलकीपर कुठे गेला, दिसला नाही. सलूनवाल्याला तीस वर्षांपूर्वीचे राखीव खेळाडूही तोंडपाठ. तो वस्तरा थांबवून म्हणाला, "कोण?"

मास्तरांनी तक्ता काढला. बारानंतर चौदा होता. मधली ओळ खोडलेली नव्हती, ती नव्हतीच. सलूनच्या भिंतीवर त्या संघाचा फोटो होता. मागच्या रांगेत दोघांच्या मधे माणूसभर जागा मोकळी होती आणि त्या दोघांचे हात कुणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखे हवेत होते. काट्यांच्या माणसाच्या अंगावर काटा आला. सलूनवाला म्हणाला, फोटो पहिल्यापासून असाच आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी पाळत ठेवली. तक्ता सलूनमध्ये वाचून झाला आणि बघता बघता तेरावा गोलकीपर नाहीसा झाला. मेला असं नाही. कधी नव्हताच. बातमी नाही, रडणं नाही. त्याच्या खालचे, वजाबाकीत उणे उतरलेले गोलकीपर मात्र ठणठणीत होते. उणे का होईना, त्यांना आकडा तरी होता.

बायकोने डोळे तपासून घ्यायला सांगितलं. मास्तर गप्प बसले. ज्याच्यासाठी रडायला कुणी उरलं नाही, त्याच्यासाठी खेळ का मोडायचा, असं त्यांनी मनाला समजावलं. शिवाय त्या वर्षीही तेच जिंकले होते. हे त्यांचं पाप होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या वर्षी, निवडीच्या चार दिवस आधी, धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा, वीस वर्षांचा, तक्त्यातल्याच एका क्लबचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला होता. ती आनंदाने दोनदा रडली आणि दोनदा हसली. मग भाच्याने फोन घेतला आणि विचारलं, मामा, यंदा तुमच्या तक्त्यात माझा नंबर कितवा? बघून सांगतो, म्हणाले मास्तर.

रात्रीची वाट न बघता ते तिथेच कागद घेऊन बसले. गेल्या मोसमाचे गुण, यंदाचे सामने, सगळं धरून भाच्याचे होत होते एकशे बारा. नंबर तेरावा. त्यांनी तीनदा गणित केलं. गणित त्यांचं होतं, चुकणार कसं?

पाया एक ओळ वर सरकवला तर काम झालं असतं. पण बारावा गोलकीपर त्यांनी मुलाखतीत पाहिला होता, दोन्ही खांद्यांवर दोन जुळ्या मुली घेऊन. पेन त्याच्या नावापर्यंत गेलं आणि थबकलं. खाली चौदावा, त्यालाही आई असणारच. दोन वर्षं हा विचार आपल्या डोक्यात कसा शिरला नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

खेळच बंद करू, असं त्यांनी सलूनवाल्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, तू तक्ता दिला नाहीस तर गेल्या वर्षीच्या रीतीने मीच करतो, त्यात काय मोठंसं? म्हणजे पुन्हा तेरावाच.

शुक्रवारी एका दुकानात काम करताना त्यांना मार्ग सुचला. रिकाम्या काट्याचं शून्य लावताना आपण पारड्यात काही ठेवत नाही. मग शून्याच्या जागी माणूस हवाच कशाला? तेराव्याच्या आजूबाजूचे पाचजण घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि ती पाया धरायची. सरासरीला ना तोंड ना आई. त्यांनी अंदाजाचे आकडे आणि ही रीत सलूनवाल्याच्या मुलीकडे पाठवली. बेरीज-वजाबाकी तिच्या कॉम्प्युटरवर होऊ दे, आपण बघायचंच नाही, असं ठरवलं. प्रत्येक काटा दोनदा तपासणाऱ्या माणसाने हा एकच काटा भीतीपोटी तपासला नाही.

शनिवारी दुपारी सलूनमध्ये खुर्च्या भिंतीकडे वळवलेल्या होत्या आणि आरशांत बाराजणांचे चोवीस झाले होते. छापलेला तक्ता हातोहात फिरत मास्तरांकडे आला. पाच गोलकीपरांचे आकडे होते एकशे अठरा, चौदा, बारा, दहा आणि सहा. सरासरी एकशे बारा. दोन वरचे घेतले, दोन खालचे घेतले, मधे भाचाच राहिला होता. त्याच्या नावापुढे शून्य होतं.

मास्तर उभे राहिले. पाळी त्यांची पाचवी होती, पण आज मला पहिली द्या, असं ते हात जोडून म्हणाले. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी हसून दिली. ज्याला कुणीतरी निवडलं तो शून्य कसा, एवढी एकच आशा त्यांना होती. त्यांनी भाच्याचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने.

सलूनवाल्याने तक्त्यावरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं.

"मास्तर, हा कोण?" त्याने विचारलं.

बारानंतर चौदा होता. मास्तर फुटपाथवर आले आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. ती मजेत होती. त्यांनी भाच्याचं नाव घेतलं. ती म्हणाली, छान नाव आहे दादा, कुणाचं? आम्हाला मूल असतं तर आम्हीही असंच काहीतरी ठेवलं असतं.

"बरं झालं तू फोन केलास," ती म्हणाली. "इथे दोरीवर मोठे हातमोजे वाळत घातलेत. पाणी गळतंय अजून. धुतले मीच असणार, पण आठवतच नाही बघ. तुझे आहेत का? नसतील तर देऊन टाकते कुणाला तरी."

"काढू नकोस," मास्तर म्हणाले.

"अरे, वाळल्यावर म्हणते मी."

"वाळल्यावरही काढू नकोस."