फीमाफीची खिडकी

आमच्या कॉलेजातल्या फीमाफीच्या खिडकीवरचे बाबूजी कुणालाच नावाने हाक मारीत नसत. "ए उमरेड! ओ रामटेक!" असे गावावरून ओरडत. फीमाफीशिवाय माझे शिक्षण होणे नव्हते. शेवटच्या दिवशी अर्जावर पालकांची सही हवी म्हणून मी वडिलांना काटोलहून आणले. रांगेतल्या पोरांकडे पाहत ते पुटपुटले, "मले सही नाही येत, साहेब. अंगठा देतो."

बाबूजींनी धाडकन खिडकी लावली. "चहाची सुट्टी!"

"बाबूजी, आत्ताच तं उघडली!" रांग कुरकुरली.

तेवढ्यात बाजूचे दार उघडून बाबूजी वडिलांना हळूच म्हणाले, "मामाजी, आत या." आत त्यांनी वडिलांचा अंगठा घेतला आणि शाई स्वतःच्या रुमालाने पुसली. मग खिडकी उघडून माझ्यावरच खेकसले, "अर्ज जमा झाला ना, काटोल? मंग काहून उभा आहे गा? वर्गात जाऊन बस!"