मी फक्त काढा दिला होता

बासष्टाव्या वर्षी बाई शहाणी झालेली असते, असा माझा समज होता. आता सत्तरीत बसून त्या बासष्टीच्या तरुणीकडे बघते तेव्हा तिचा कान पिळावासा वाटतो. मुलीकडे अमेरिकेत, शुगर लँडला कायमची राहायला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. ग्रीन कार्ड नवं कोरं. आणि आल्या आल्या बाईसाहेबांनी सबडिव्हिजनमधल्या, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींसाठी दवाखाना उघडला होता.

दवाखाना म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात पुण्याहून आणलेल्या तापाच्या, पोटाच्या, पित्ताच्या गोळ्या. शिवाय खोकल्याच्या तीन बाटल्या, आमच्या केमिस्टने "मावशी, हे जरा स्ट्राँग आहे" असं म्हणत चिठ्ठीबिठ्ठी न मागता दिलेल्या. विमानतळावर अधिकाऱ्याने "ड्रग्ज?" असं विचारलं, तेव्हा मी जोरात मान हलवून "नो, नो" म्हटलं. आपण खोटं बोलतोय असं मनाला शिवलंही नाही. ड्रग्ज म्हणजे गर्द. ते वाया गेलेली पोरं ओढतात. माझ्या बॅगेत होतं ते औषध!

दोन घरं सोडून नागपूरचा एक इंजिनिअर आणि त्याची बायको राहायची. ऑगस्टमध्ये बाहेर भट्टी आणि घरात एसीचा गारठा, त्यात तो असा खोकायला लागला की कुंपणापलीकडून ऐकू यायचं.

"डॉक्टरकडे गेलास का रे?"

"अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळाली ना काकू. तोवर बरगड्या मोडतात बाप्पा माझ्या."

मी काय, वाटच बघत होते. लोणच्याच्या छोट्या बरणीत अर्धी बाटली ओतून दिली. "झोपताना एक चमचा घे. सकाळी बघ." चार दिवसांत खोकला गेला. त्याची बायको मला "डॉक्टर काकू" म्हणायला लागली आणि मी ते सगळ्या मैत्रिणींना निदान दोनदा तरी ऐकवलं.

पुढच्याच आठवड्यात लायब्ररीत आम्हा ज्येष्ठांसाठी एका पोलीस बाईंचं भाषण होतं. मी समोस्यांसाठी गेले होते. बाई म्हणाल्या, नशा आणणारी कडक औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात आणि आपल्याकडची दुसऱ्याला देणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे, मग ते प्रेमाने का दिलेलं असेना. आणि उरलेली औषधं टॉयलेटमध्ये ओतू नका, ती पाण्यात उतरतात, मासे-कासवांपर्यंत जातात; पोलीस स्टेशनात त्यासाठी पेटी ठेवली आहे. पडद्यावर यादी दाखवली. त्यात खोकल्याच्या औषधात असतं ते कोडीन. घरी येऊन चष्मा लावून बाटलीचं लेबल वाचलं. तेच.

त्याच संध्याकाळी चालताना त्याची बायको भेटली. रडवेली. "काकू, ह्याला रिफायनरीच्या साइटवर जायचंय, तर कंपनीने ड्रग टेस्ट केली. ती पॉझिटिव्ह आली. सुपारीसुद्धा खात नाही हो तो!"

मी म्हटलं, "लॅबची चूक असेल."

घरी आले आणि उरलेल्या बाटल्या टॉयलेटमध्ये उपड्या केल्या. पोलीस बाईंनी दोन गोष्टी करू नका म्हणून सांगितल्या होत्या. एक आधीच करून बसले होते, दुसरी त्या दिवशी केली. तीनदा फ्लश केलं. लेबलं सोलून कात्रीने बारीक बारीक कापली. सबडिव्हिजनच्या तळ्यातल्या कासवांची मी आजही माफी मागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मुलगी किचनमध्ये होती.

"काकू, लॅबच्या डॉक्टरचा फोन होता. विचारतो, काय घेतलं होतं. मला त्या औषधाचं नावच माहीत नाही. फक्त बाटली द्या ना, लेबलचा फोटो काढतो. कदाचित ऐकतील. नाही ऐकलं तर जॉब जाईल, मग दुसरा शोधायला व्हिसाचे साठच दिवस."

त्याच्या हातात माझी बरणी होती, स्वच्छ घासून आणलेली.

मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "कसली बाटली? मी फक्त काढा दिला होता. तुळशीचा."

त्याने किचनकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "हो का? मग माझीच काही गडबड झाली असेल." बरणी टेबलावर ठेवून गेला.

मुलीने विचारलं, "काय म्हणत होता गं?"

"काही नाही. बरणी परत द्यायला आला होता."

त्याची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही. देश सोडण्याआधी त्यांनी गराज सेलमध्ये सामान विकायला काढलं, त्यातला मिक्सर मी घेतला, तेवढीच मदत, असं स्वतःला सांगत. जायच्या दिवशी दोघंही वाकून नमस्काराला आले आणि मी "सुखी राहा" म्हटलं. हे म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही, हेच मला अजून पचत नाही. लेबल दाखवून नोकरी वाचली असती की नाही, देव जाणे. पण मी ना वकिलाला विचारलं, ना मुलीला. कायदा पडद्यावर पाहिला होता तेवढाच, आणि त्याला भिऊन एका माणसाला बुडू दिलं.

गेल्या महिन्यात मुलीला हे सगळं सांगितलं. तिने त्याचा नंबर शोधून काढला आणि फोन माझ्या हातात ठेवला.

आमच्याकडे संध्याकाळचे आठ वाजले होते. त्याने चटकन ओळखलं. आता नागपुरातच नोकरी आहे, मुलगी तिसरीत आहे, असं सांगत राहिला. मी मध्येच म्हटलं, "अरे, ते औषध..."

"सोडा ना काकू."

"नाही, ऐक. मी खोटं बोलले."

"माहीत आहे. तुमचं ग्रीन कार्ड नवं होतं ना. मी त्या लॅबच्या डॉक्टरला सांगितलं, नागपूरहून मीच आणलं होतं. तुमचं नाव कुठेच घेतलं नाही. तुम्ही इतकी वर्षं घाबरून होता की काय?"

माफीची वाक्यं मी कागदावर लिहून घेतली होती. कागद समोरच होता. पण तोंडातून काय बाहेर पडलं, तर, "जेवलास का रे?"

"काकू," तो म्हणाला, "इथे सकाळचे साडेसहा वाजलेत."