अर्ध्या ब्लेडच्या अक्का

कॅप्टन अक्का माणसाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी बघत. आधी डावा खिसा, मग स्कार्फ, मग दोन्ही बाह्या, आणि एवढं सगळं ठीकठाक असेल तरच चेहरा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर अगदी समोर. त्यांच्या आईच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले. पण शाळेच्या मैदानावर माझा बॅज बोटभर कलला असेल, तर अक्का मला ओळखतही नसत.

अक्का गणित शिकवायच्या आणि मुलींच्या गाइड पथकाच्या कॅप्टन होत्या. हुकूम इंग्रजीत, सूचना तमिळमध्ये आणि अपमान मात्र मराठीत. त्यामुळे त्यांच्या तोंडाचा पट्टा आम्हा चार मराठी पोरींनाच काय तो पुरता कळायचा. बाकीच्यांना वाटे, आम्हाला काहीतरी जास्तीचं शिकवतायत. “हे काय गे, स्कार्फ की भांडी पुसायचं फडकं?” हे रोजचंच. एकदा एक मुलगी म्हणाली, इस्त्री आईनं केली, म्हणून घडी चुकली. “सेरि, बरं,” अक्का म्हणाल्या, “मग परेडलापण अम्मालाच पाठव.”

सदस्यत्वाचा बॅज डाव्या खिशाच्या मधोमध, आणि तोही वचन घेतल्यावर. कौशल्याचे बॅज उजव्या बाहीवर, एका ओळीत दोन, आणि ते परीक्षा दिल्यावर. यात अक्कांकडे सूट नव्हती. स्वयंपाकाच्या परीक्षेला मी तीन विटांच्या चुलीवर भात केला. अक्कांनी चाखून पाहिला, दुसऱ्यांदाही वाढून घेतला. “भात चांगला झालाय, बस, जेव. ब्याज नाही. विस्तव कोण विझवणार, तुझे आजोबा?”

गाइड मुली एकमेकींना भेटल्या की डाव्या हाताने हात मिळवतात, अशी रीत आहे. अक्कांनी ती अगदी चिक्कूपणाने सांभाळली होती. पहिला कौशल्याचा बॅज मिळेल त्या दिवशी त्या डावा हात पुढे करत, त्याआधी नाही. मोठमोठे अधिकारी आले तरी त्यांना लांबून नमस्कार. माझी परीक्षा पुन्हा पुढच्या शनिवारी ठरली आणि त्या डाव्या हाताची मी फार वाट बघत होते.

मधे शाळेचं स्नेहसंमेलन आलं. शाळेचे मालक, म्हणजे आमच्याकडे ज्यांना करस्पाँडंट म्हणतात ते, त्यांची नात नुकतीच पथकात आली होती. पाहुण्यांना हार घालायला तिलाच पुढे उभी केली होती. तिची उजवी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत बॅजनी भरलेली! देवीच्या उत्सवमूर्तीलाही इतके दागिने कुणी एका दिवसात चढवत नाही. अक्का तिच्यापाशी थांबल्या. “हा पोहायचा ब्याज. कुठं पोहलीस, पापा?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं; पापा म्हणजे बाळ. “दुकानात मिळाला,” पोर बिचारी खरं बोलली.

अक्कांच्या पर्समध्ये काडेपेटीत अर्धं ब्लेड असे. त्यांनी ते काढलं आणि सगळ्यांदेखत एकेक टाका उसवून ते बॅज तिच्या ओंजळीत ठेवले. आवाज चढवला नाही. त्या मुलीशी त्या इतक्या मऊ बोलल्या, की आम्ही चौघी थक्क झालो. “आता बाही तुझी झाली. भरायला पुष्कळ वेळ आहे.”

करस्पाँडंटचं मात्र नाक कापलं गेलं होतं. अक्कांनी ते बॅज स्वतः शिवून द्यावेत आणि माफी मागावी, नाहीतर पथक सोडावं, असं त्यांनी सुनावलं. अक्का म्हणाल्या, “शिवते की. पोरीला कावेरीवर आणा, परीक्षा घेते आणि तिथंच शिवते.” पथक गेलं. ते खेळाच्या मास्तरांकडे दिलं. त्या माणसाला शिट्टी वाजवता येत होती, बाकी आनंदच होता. माझी परीक्षा राहिली ती राहिलीच. निवृत्त होईपर्यंत अक्का गणित शिकवत राहिल्या. शनिवारी परेडची शिट्टी झाली की वर्गाची खिडकी लावून घेत. अक्कांना लग्न नाही, संसार नाही, होतं ते ते पथक. ज्याने ते दोन बोटं कापडापायी हिसकावलं, त्याचा मला आजही राग येतो.

यंदा माझी मुलगी त्याच शाळेत गाइड झाली. गणवेश आला प्लास्टिकच्या पिशवीत, बॅज आधीच शिवलेले! गुडघा खरचटला तर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या माझ्या लेकीला प्रथमोपचाराचा बॅज, आणि दूध उतू जाताना बघत उभी राहते तिला स्वयंपाकाचा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, त्याखाली हारतुरे, अभिनंदनाचा नुसता पूर. मी ब्लेड घेऊन बसले. “अम्मा, अस्क्या पोरींना आहे, सगळ्यांना!” ती रडली. मी वचनाचा तेवढा ठेवला आणि उजवी बाही साफ केली. टाक्यांची भोकं राहिली.

तसंच तिला तिरुवैयारूला घेऊन गेले. अक्का आता तिथे भावाकडे असतात. झटक्याने उजवी बाजू गेली आहे. आदल्याच आठवड्यात शाळेची मंडळी सत्काराला आली होती. शाल घातली, चकचकीत मानाचा बॅज पदरावर टोचला, आणि कुणाला तरी रीत आठवली म्हणून डावा हात पुढे केला. अक्कांनी आपला डावा हात पांघरुणाखालून काढलाच नाही. शेवटी मंडळींनी तो लुळा उजवा हात उचलून हलवला आणि फोटो काढून घेतला. त्यांची वैनी हे सांगताना हसत होती आणि डोळेही पुसत होती.

अक्कांनी माझ्या मुलीचा डावा खिसा पाहिला, मग स्कार्फ, मग बाह्या. उजव्या बाहीवर नजर अडकली.

“कोण गे उसवलं?” शब्द जड येत होते.

“अम्मा,” लेक फुरंगटून म्हणाली.

पांघरूण हललं. डावा हात बाहेर आला. मुलीने आनंदाने आपला हात पुढे केला.

“तुला नव्हे. तुला अजून वेळ आहे,” अक्का म्हणाल्या. “अम्माला.”

मी तो हात हातात घेतला. अक्कांनी तेव्हा कुठे माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“विस्तव विझवतेस कां आता?”

“हौ, अक्का,” मी म्हटलं.