मामांचं मनगट

आमच्या चांदा जिल्ह्यात त्या काळी गोल्फ या खेळाचा ध्यास घेतलेला एकच देशी माणूस होता, आणि त्याने उभ्या आयुष्यात गोल्फचं मैदान पाहिलेलं नव्हतं. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आलापल्लीच्या वाटेवर जंगलखात्याचा लाकडांचा एक डेपो होता, तिथे ते मोठे बाबू होते. सागाचे ओंडके मोजून घेणं आणि त्यांच्यावर हातोड्याचा शिक्का मारवून घेणं एवढं त्यांचं सरकारी काम. बाकीचं आयुष्य त्यांनी मनगटाला वाहिलं होतं.

साहेब लोक देश सोडून गेले त्या वर्षी एक जंगलसाहेब जाता जाता मामांना तीन काठ्या, सहा चेंडू आणि एका संध्याकाळची शिकवणी देऊन गेला. काठी वर नेताना मनगट कसं मोडायचं, खाली येताना ते कसं सांभाळायचं, इथवर साहेब आला. काठी चेंडूला लागते त्या क्षणी काय करायचं, हे तो सांगणार तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नदीला उतार होता तोवर पलीकडे जाणं भाग होतं. साहेब टोपी हलवत निघून गेला आणि धडा अर्धा राहिला. उरलेला अर्धा मामा पुढे आठ वर्षं शोधत होते.

शोध कुठेही चाले. आमच्या लग्नात मी वाकून नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी माझा उजवा हात धरून कोपरापासून पुढे दोनदा उलटसुलट फिरवला आणि भरल्या मांडवात माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पोरगा चांगला हाये बाई, पण मनगट ढिलं हाये." सासूबाईंनी पुढे वर्षभर मला दोन्ही वेळ दूध पाजलं. मामांच्या हातून वरण वाढून घेणं तर धाडसाचंच काम होतं. पळी मागे नेऊन ते मनगट मोडून धरत आणि अगदी ताटापाशी आल्यावर सोडत. वरण ताटात पडे, शेजारच्याच्या ताटात पडे, बहुधा सदऱ्यावर पडे. एकदा त्यांनी डावं मनगट वाकू नये म्हणून हाताला फूटपट्टी बांधली आणि तशीच ठेवून कचेरीत गेले. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याने हात मोडला काय म्हणून विचारलं. खरं सांगायची मामांना लाज वाटली, त्यांनी मान हलवली. अधिकारी दयाळू होता. त्याने आठ दिवसांची रजा दिली आणि मामांनी ते आठही दिवस काठी फिरवण्यात घालवले.

मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "भूत लागलं असतं तं पुजाऱ्याले बोलावलं असतं. या मानसाले काठी लागली, तिले कोन उतरवन?"

डेपोच्या मागे धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत होतं. कापणी झाली की तिथल्या खुंटांत मामांचं मैदान सुरू होई. मामींचे दोन तांबे जमिनीत पुरून छिद्रं केलेली. साहेबाचे चेंडू एकेक करून हरवत गेले, तेव्हा मामा कच्च्या बेलफळांवर सराव करू लागले आणि उरलेला शेवटचा चेंडू सणासुदीला काढू लागले. पण फळ असो की चेंडू, तो कधी उडत नसे. सापासारखा खुंटांतून सरपटत जाई आणि पंधरा-वीस पावलांवर थांबे. मामा कुणालाच दोष देत नसत. फक्त आपल्या मनगटाकडे बघत, नापास होऊन आलेल्या मुलाकडे बाप बघतो तसं.

मी तेव्हा ब्रह्मपुरीला शाळेत मास्तर होतो. शोधाच्या आठव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामांकडे गेलो होतो, म्हणून पुढचा प्रसंग मला डोळ्यांनी पाहायला मिळाला. डेपोत जुरू नावाचा एक म्हातारा गोंड लाकूडतोड्या होता. पन्नास वर्षं त्याने सागाशिवाय दुसऱ्या कशाशी फारसं बोलणं केलं नसावं. संध्याकाळी काम संपलं की तो बांधावर तंबाखू चोळत बसे आणि मामांचा खेळ बघे. त्या दिवशी तो उठून जवळ आला.

"बाबू, त्या चेंडूवर रागावले काऊन?"

"रागावलो नाई जुरूभाऊ, मारून राह्यलो."

"मंग मनगट असं आवळलं काऊन? म्या कुऱ्हाड अशी आवळली तं दुपारलेच हात मरन. वर नेतानी धरा. खाली येतानी जाऊ द्या तिले. हात पलटू द्या फक्त."

त्याने काठी घेतली आणि एकदा हवेत फिरवून दाखवली. कोपरापुढचा हात झोपेत कूस बदलावी तसा सहज उलटला. मामांनी काठी परत घेतली, डोळे मिटले, उघडले, आणि मारलं. टक् असा कोरडा, स्वच्छ आवाज झाला. चेंडू उठला, सागाच्या थप्प्यांवरून गेला आणि पलीकडच्या झाडीत दिसेनासा झाला. मामा मटकन खुंटांत बसले. "इतकंच होतं?" ते म्हणाले. "आठ वर्षं झाले, अन् इतकंच होतं?" मग एकदम उठून ते जुरूच्या पाया पडायला वाकले, तर म्हातारा घाबरून बांधावरून पळत सुटला.

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी बेलफळांवर खेळू लागले. जुरू अनवाणी खेळे आणि मामांपेक्षा पुष्कळ चांगला खेळे. मामांची त्याबद्दल तक्रार नव्हती. येईल त्याला ते अभिमानाने सांगत, "आपल्या जिल्ह्यात आता दोघं झाले."

पुढच्या पावसाळ्यात थप्पीवरून एक ओंडका सुटला आणि जुरूचा उजवा हात त्याखाली सापडला. नद्यांना पूर होते, रस्ते बंद. कुणी जाणत्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. महिन्याने डॉक्टरला दाखवला तोवर हाड वेडंवाकडं जुळून गेलं होतं. हात राहिला, पण पलटेना. तळवा जमिनीकडे तोंड करून होता, तो वर वळतच नसे. कुऱ्हाडीची गोष्टच सोडा, घास उचलला तर तोंडाशी नेईपर्यंत सांडून जाई. डाव्या हाताने जेवायला तो तयार नव्हता. मुलगी भरवायची. ज्याने उभे साग लोळवले तो माणूस भिंतीकडे तोंड करून मुलीच्या हातचा घास घ्यायचा.

मामा त्याला रोज आपल्या ओसरीवर बोलावू लागले. आधी गरम पाण्याचा शेक, मग तेल, आणि मग त्याच्या मुठीत गोल्फची काठी. काठी उभी धरायची आणि हळूहळू डावीकडे कलती करायची, हळूहळू उजवीकडे. काठीच्या वजनाने हात आपोआप थोडा पलटे आणि तिथे अडे. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा हेच चाललं होतं. मामांचे विनोद संपले होते. दोघांच्याही कपाळावर घाम होता.

"दुखते?"

"दुखते."

"मंग थांबू?"

"नोका थांबू, बाबू."

वर्षभर हे चाललं. हात अर्धा वळू लागला आणि तिथून पुढे तसूभरही हलला नाही. अर्ध्या हाताने कुऱ्हाड चालत नाही. जुरूचं काम गेलं आणि तो मुलीबरोबर भामरागडकडे, तिच्या गावी निघून गेला. मामांनी त्या दिवसापासून काठी हातात घेतली नाही. वरण ते आता चार माणसांसारखं वाढत, आणि आमचे सदरे कोरडे राहत, आणि पंगतीत कुणी हसत नसे. एकदा मी विषय काढला तर म्हणाले, "नऊ वर्षं मनगट शिकलो जावईबापू. एक मनगट दुरुस्त करतो म्हटलं, तं तेवढंबी जमलं नाई."

तोवर आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. पुढे मामांच्या केसांत पांढरं आलं, आणि एका उन्हाळ्यात कुणा गाडीवानाकडून जुरू वारल्याचा निरोप आला. मामा लगेच निघाले. मिळेल तिथवर मोटारीने, पुढे बैलगाडीने आणि शेवटी पायी. परतल्यावर काही दिवसांनी ते ब्रह्मपुरीला आमच्याकडे आले. ओसरीवर बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"त्याची पोरगी भेटली," ते म्हणाले. "मी तिले विचारलं, शेवटी फार हाल झाले काय? तं म्हने, बा कोनाच्या हातानं जेवला नाई. गेला त्या दिवशीबी पेज आपल्याच हातानं पेला."

मी म्हणालो, "पण मामा, हात तर त्याचा अर्धाच वळत होता ना?"

"घासाले अर्धाच लागते, जावईबापू," मामा म्हणाले. "मले हे माहीतच नव्हतं."

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझी बायको त्यांना पाणी द्यायला दारापर्यंत आली होती, तिने पुढे होऊन तांब्या त्यांच्या हातात दिला.